खरे चित्र आणि चौथे शील



पंचशीलातील चौथे शील आपल्याला सर्वांत सोपे वाटते. खोटे बोलायचे नाही, एवढेच ना! दारू सोडणे कठीण, जुने देव्हारे काढणे त्याहून कठीण. पण खोटे काय ते शाळकरी मुलालाही कळते, असे आपण म्हणतो. मी शिक्षक आहे. शाळकरी मुलाला ते कळत नाही आणि पुष्कळदा शिक्षकालाही कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. कारण दाखवलेली प्रत्येक गोष्ट खरी असूनही खोटे बोलता येते. दूरचित्रवाणीवरील वृत्तचित्रे आणि माहितीपट पाहताना याची आठवण ठेवली पाहिजे.

खैरलांजीचे उदाहरण घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील त्या गावात जमावाने भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांना ठार मारले. वडील भैयालाल तेवढे वाचले. तीनच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, आपल्या नागपुरात दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा सुवर्णमहोत्सव होता. लाखो लोक जमले, कॅमेरेही आले. पण खैरलांजीची वार्ता त्या गर्दीतल्या बहुतेकांपर्यंत पोहोचलीच नव्हती. पुढे जे थोडेफार छापून आले, त्यात मृत माऊलीच्या चारित्र्याविषयी कुजबुज होती. शेतजमिनीचा वाद आणि गावाची जात यांना फारशी जागा मिळाली नाही.

नोव्हेंबरात लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा मात्र कॅमेरे धावत आले. जळते टायर, दगड, लाठीमार! गृहमंत्र्यांनी नक्षलवाद्यांविषयी संशय बोलून दाखवला. महिनाअखेरीस कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि ३० नोव्हेंबरला डेक्कन क्वीनचे डबे जळाले. जळती गाडी देशाने पाहिली. ते चित्र खोटे होते काय? नव्हते. गाडी खरोखरच जळत होती. पण त्या आगीआधीचे दोन महिने चित्रात नव्हते. पाहणाऱ्याने एवढेच ठरवले की हे लोक जाळपोळ करणारे आहेत.

असे का होते? वाहिन्यांवर आपली माणसे कमी आहेत, पूर्वग्रह आहेत, हे खरेच आहे. मूकनायक काढताना, १९२० साली, बाबासाहेबांना हीच उणीव दिसली होती. पण आणखी एक कारण आहे. कॅमेऱ्याला हलणारी वस्तू हवी असते. आग हलते. सातबारा हलत नाही. पाणवठ्यावरचे मौन हलत नाही. जात तर मुळीच हलत नाही. न्यायालयातही असेच झाले. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले आणि त्यांपैकी सहांना फाशी सुनावली; पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा पंचवीस वर्षांची केली. तो कायदा तेव्हाही लागला नाही. खून दिसला, जात दिसली नाही.

इथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या असतील. आता आपल्याकडे वळू.

त्या चार प्रेतांची छायाचित्रे आपल्याच लोकांनी हातोहात वाटली. ती नसती तर प्रकरण दडपले गेले असते, असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. परंतु त्या आईची आणि मुलीची जी विटंबना झाली, तीच विटंबना छायाचित्रांनी घरोघर नेली, हेही नाकारता येत नाही. अभयराजकुमारसुत्तात तथागत बोलण्याची कसोटी सांगतात: गोष्ट खरी हवी, हिताची हवी आणि तिची वेळ ओळखायला हवी, मग ती ऐकणाऱ्याला अप्रिय असली तरी चालेल. बाळाच्या घशात खडा अडकला तर रक्त निघाले तरी तो काढावा लागतो, हा दाखला तेथेच आहे. तेव्हा रक्त दाखवणे निषिद्ध नाही. प्रश्न एवढाच, की दाखवणाऱ्याचा हात खडा काढण्यासाठी घशात गेला आहे की नुसते रक्त दाखवण्यासाठी?

हे ओळखायला वेळ लागतो, आणि वाहिन्यांकडे वेळ नसतो. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलीस गोळीबारात दहा माणसे मेली. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तेथून आनंद पटवर्धनांनी कॅमेरा उचलला आणि सुमारे चौदा वर्षांनी ‘जयभीम कॉम्रेड’ पुरा केला. तीन तासांहून मोठा चित्रपट. त्यात माणसे गातात, हसतात, वाद घालतात, घरात बसून बोलतात. त्यातील मतांशी माझे सर्वत्र जुळत नाही. पण तो पाहून आमच्या वर्गातल्या मुलाने मला विचारले नाही, ‘सर, आपल्याला नेहमी मारच पडतो का?’ एका वाहिनीवरचा, आपल्याविषयी सहानुभूती असलेलाच, अर्ध्या तासाचा कार्यक्रम पाहून त्याने हे विचारले होते. पाऊण वर्ग माझ्याकडे पाहत होता.

खैरलांजी घडली तेव्हा मी स्वतः शाळेत होतो. ती छायाचित्रे छापलेले एक पत्रक कोणीतरी आमच्या घरी आणून दिले. आईने ते एकदा पाहिले. फाडले नाही, शेजारीही दिले नाही. ते पालथे घालून तिने बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवले आणि माझ्या थोरल्या बहिणीला म्हणाली, ‘तीपण तुझ्यासारखी शिकत होती गं.’