उणे सतरा

आधी स्पीकरचा आवाज शून्यावर आणा. रेडिओच्या छंदाची ही सुरुवात जुन्या हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींना विचित्र वाटेल, पण आज जे ऐकायचं आहे ते कानांना ऐकू येणारं नाही. खुर्चीत नीट बसा, पाठ टेकवा. समोर रिग म्हणजे रेडिओ संच आहे, वीस मीटर बँडवर १४.०७४ मेगाहर्ट्झला लावलेला. शेजारी लॅपटॉप, त्यावर डब्ल्यूएसजेटी-एक्स हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. गच्चीवर साधा डायपोल ताणलेला आहे, म्हणजे तारेचे दोन तुकडे, प्रत्येकी सुमारे पाच मीटरचे. संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. कुठं जायची घाई नाही.

पडद्यावर वरून खाली उजळ रेघा सरकतायत. याला वॉटरफॉल म्हणतात. एकेका रेघेमागे कुणीतरी माणूस बसलेला आहे. काही रेघा ठळक आहेत, काही पुसट. आता जिथं रेघच नाही, नुसता दाणेदार अंधार आहे, तिथं नजर ठेवा. तिथंही कुणीतरी असू शकतं.

पंधरा सेकंदांचा फेरा संपत येतो आणि शेजारच्या खिडकीत ओळी उमटतात. बाकीच्या जाऊ द्या, एकच ओळ धरा. १३००१५, मग उणे १७, मग ०.३, मग १४८२, आणि शेवटी ‘सीक्यू’, कुणाचं तरी कॉलसाइन म्हणजे रेडिओवरचं नाव आणि चार अक्षर-आकड्यांचा पत्ता. पहिला आकडा वेळेचा. आपले साडेसहा म्हणजे जागतिक वेळेचे तेरा. जगभरचे हॅम आपली लॉगबुक सहसा याच वेळेनं लिहितात. ०.३ हा बहुतांशी त्याच्या आणि तुमच्या घड्याळातला फरक, सेकंदात. १४८२ ही त्याची गल्ली, हर्ट्झमध्ये. ‘सीक्यू’ म्हणजे जो कुणी ऐकत असेल त्याला घातलेली हाक.

आता उणे १७ जवळ थांबा. हा आकडा डेसिबलमधला आहे. अडीच हजार हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात जेवढा गोंगाट भरलेला आहे, त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका त्या माणसाचा आवाज आहे. गोंगाट कसला? सोसायटीतल्या एलईडी दिव्यांचा, इन्व्हर्टरचा, लिफ्टचा, आणि हजारो किलोमीटरवर कुठंतरी कडाडणाऱ्या विजांचाही. एवढ्यातून पन्नासावा हिस्सा उचलायचा. लग्नाच्या हॉलमध्ये बँड, सनई, पोरांचा दंगा सगळं एकदम चालू असताना कोपऱ्यातून आत्यानं हळूच घातलेली हाक ऐकावी, तसं.

पण यात चमत्कार नाही, आणि तो नाही हेच मला जास्त आवडतं. त्या माणसाचा संदेश अवघ्या पन्नास हर्ट्झच्या गल्लीत मावतो, आणि अडीच हजाराचा पन्नासावा भाग म्हणजे पन्नासच. त्याच्या गल्लीपुरतं पाहिलं तर त्याचा आवाज गोंगाटाच्या बरोबरीचा आहे. सॉफ्टवेअर आवाज वाढवत नाही. ते लक्ष अरुंद करतं. ज्या गल्लीत काही आहे तेवढीच पाहतं, बाकीचं सोडून देतं.

हा श्वास सावकाश सोडा आणि तीच गल्ली आणखी जवळून पाहा. संदेश असतो ७७ बिटांचा. त्याला तपासणीचे १४ बिट जोडले की ९१, आणि चूक झालीच तर दुरुस्त करता यावी म्हणून आणखी भर घालून १७४. म्हणजे सांगायचं थोडं आणि सांभाळायचं जास्त. हे १७४ बिट ५८ सुरांत बसतात. शिवाय सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मिळून २१ सूर असे असतात ज्यांत काहीच सांगितलेलं नसतं. ‘मी इथं आहे, इथून मोज’ एवढंच. एकूण ७९ सूर, १२.६४ सेकंद. पंधरातले उरलेले दोनेक सेकंद उलगडा करायला आणि उत्तर ठरवायला. वाटेत काही सूर बुडाले तरी निरोप पोचतो. पोचतो तेव्हा पूर्ण पोचतो, नाहीतर पोचतच नाही.

या पद्धतीचं नाव एफटी८. २०१७ साली स्टीव्ह फ्रँके आणि जो टेलर या दोन अमेरिकन हॅमनी ती आणली. एफ आणि टी त्यांच्या आडनावांचे, आठ हा सुरांच्या संख्येचा. टेलर म्हणजे तेच जोसेफ टेलर, ज्यांनी १९७४ मध्ये रसेल हल्स यांच्यासोबत जोडताऱ्यातला पल्सार शोधला आणि १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं. आरेसिबोच्या दुर्बिणीवर ताऱ्याची क्षीण टकटक गोंगाटातून वेगळी काढणारा माणूस हॅमच्या छंदात तेच करू लागला, याचं नवल वाटायला नको. आपल्याकडं नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या पल्सार ऐकतात. तुमच्या गच्चीवरची तार त्यांचीच फार धाकटी बहीण आहे.

पुढचा फेरा येतोय. हा तुमचा. बटण दाबलं की तुमची हाक जाईल, आणि नंतरचे पंधरा सेकंद तुम्ही फक्त ऐकायचं. मग पुन्हा पंधरा सेकंद तुमचे. बोलायला जेवढा वेळ तेवढाच ऐकायला, आणि मध्येच तोंड घालायची सोय नाही. नवविधा भक्तीत श्रवणाला पहिलं स्थान आहे. इथं ते घड्याळानंच दिलंय, आणि घड्याळ सेकंदाहून जास्त चुकलं तर पंचाईत होऊ शकते. चारचौघांच्या बैठकीत असा नियम कुणी लावला तर किती जण टिकतील?

तुमच्या हाकेत काय जातं तेही पाहून घ्या. कॉलसाइन आणि पत्त्याचा चौकोन. पृथ्वी दोन अंश रेखांश गुणिले एक अंश अक्षांश अशा तुकड्यांत कापलेली आहे. पुणं एमके६८ मध्ये, कोल्हापूर एमके७६, नागपूर एमएल९१, पणजी एमके६५. एकोणिसाव्या अक्षांशाची रेघ मुंबईत परळ-वरळीच्या आसपासून जाते, त्यामुळे गिरगावकर पुणेकरांच्या चौकोनात आणि वांद्रेकर वेगळ्या. ज्याला तक्रार करायची त्यानं भूगोलाकडं करावी.

समजा, उत्तर आलं नाही. पुन्हा हाक, पुन्हा काही नाही. इथं बहुतेक जण अँटेनाला दोष देतात. तुम्ही पीएसके रिपोर्टरचा नकाशा उघडा. जगभरची ऐकणारी सॉफ्टवेअरं आपण कुणाकुणाला ऐकलं ते तिथं आपोआप नोंदवत असतात. युरोपात ठिपके दिसतील: तुम्हाला ऐकलं, इतक्या डेसिबलला, इतक्या वाजता. उत्तर कुणी दिलं नाही, पण ऐकलं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पूर्वी हॅमला त्यातला फरक कळायला मार्ग नव्हता. तो रात्रभर हाका मारायचा आणि शांततेचा एकच अर्थ लावायचा. तुमच्या आयुष्यातल्या एखाद्या न आलेल्या उत्तराकडं या नकाशावरून पाहता येतं का, एवढं मनात घोळू द्या. जमलं नाही तरी हरकत नाही.

मग कधीतरी उत्तर येतं. रिपोर्ट, त्यावर रिपोर्ट, आरआर७३ म्हणजे ‘मिळालं, नमस्कार’, ७३ म्हणजे नमस्कार. दीडेक मिनिटात संपलं. आवाजावर बोलणारे म्हणतात, हे कसलं बोलणं, दोन संगणकांनी एकमेकांना नमस्कार केला. त्यांचं बरंचसं खरं आहे. एफटी८ मध्ये मनचा मजकूर फार तर तेरा अक्षरांचा. ‘तिकडं पाऊस आहे का’ हेसुद्धा त्यात बसणार नाही. गप्पांसाठी ही पद्धत निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. २००४ च्या डिसेंबरात हॅम भारती प्रसाद यांची तुकडी अंदमानात गेली होती ती दूरचे संपर्क साधायला. त्सुनामी आली तेव्हा तिथून माणसांची खुशाली आणि मदतीचे निरोप गेले. असं काम ७७ बिटांत होत नाही, त्याला माणसाचा आवाजच लागतो. पण कुणी दूरवर आहे का, आणि त्याला मी ऐकू येतो का, एवढाच प्रश्न असेल तर यापेक्षा प्रामाणिक साधन मी पाहिलेलं नाही.

संपर्क तुमच्या लॉगमध्ये चढला. तो अजून अर्धाच आहे. लॉगबुक ऑफ द वर्ल्ड या ऑनलाइन नोंदवहीत तुमची नोंद आणि त्याची नोंद एकमेकींशी जुळली तरच तो पक्का धरतात. तुम्ही कितीही खात्रीनं लिहिलंत तरी दुसऱ्यानं तेच लिहिलेलं असावं लागतं. यावर थोडं बसा. मी काही बोलत नाही.

आता स्पीकरचा आवाज पुन्हा वाढवा, कारण शेवटी कानांकडं यायचं आहे. रिग नसेल तरी चालेल; नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेब-एसडीआर हा रिसीव्हर कुणालाही ब्राउझरमधून फिरवता येतो. १४.१०० वर जा आणि सीडब्ल्यू ही मोर्सची पद्धत निवडा. तिथं जगातले अठरा बीकन म्हणजे आपोआप खूण पाठवणारी केंद्रं तीन मिनिटांच्या चक्रात दहा-दहा सेकंद बोलतात. चक्र सुरू झाल्यापासून दीड मिनिटानं श्रीलंका, मग प्रिटोरिया, केनिया, तेल अवीव, फिनलंड. आधी मोर्समध्ये कॉलसाइन, मग एकेका सेकंदाचे चार लांब सूर: पहिला शंभर वॅटचा, दुसरा दहाचा, तिसरा एकाचा, चौथा एका वॅटच्या दहाव्या भागाचा. किती सूर ऐकू येतात ते मोजा. काही बीकन बंद असतील, काहींचा पहिलाच सूर जेमतेम लागेल. एखाद्याचा चौथाही लागला तर आकाश त्या बाजूला चांगलंच उघडं आहे असं समजा. ऐकायची गोडी लागली की मग परीक्षा द्या, परवाना घ्या आणि पाठवा. परवान्याशिवाय मात्र बटणाला हात लावू नका.