जुनी मोटार घेण्यांत शहाणपण कोणतें?

आमच्या एका डॉक्टर स्नेह्यांनीं गेल्या वर्षीं मोटारीचा एक व्यवहार केला. त्यावर त्यांच्या मित्रमंडळींत जेवढी चर्चा झाली, तेवढी त्यांनीं व्यवसाय सोडला असता तरी झाली नसती. हे गृहस्थ मूळचे सांगलीचे. इंग्लंडांत बर्मिंगहॅमजवळ त्यांचें पंचवीस वर्षांचें वास्तव्य आहे. त्यांच्यापाशीं पोर्शे कंपनीची ९११ कॅरेरा एस् ही अगदीं अलीकडच्या घडणीची स्पोर्ट्‌स मोटार होती. ती देऊन त्यांनीं १९६६ सालची व्होल्व्हो १८०० एस् घेतली. दोन माणसांनीं सामानसुमानासह लांबचा पल्ला सुखानें गांठावा म्हणून ज्या मोटारी घडविल्या जात, व ज्यांना तिकडे 'ग्रँड टूरर' म्हणतात, त्यांपैकीं ही एक. पहिल्या गाडीला उभ्या जागेवरून ताशीं १०० किलोमीटरचा वेग घेण्यास चार सेकंदहि लागत नाहींत. दुसरीला बारा-तेरा लागतात. पहिलीच्या इंजिनाची शक्ति ४५० अश्वबलांची, दुसरीची ११५ च्या आसपास. चांगली वस्तु हातची सोडून तिच्याहून उणी वस्तु पत्करणें, आणि तीहि आनंदानें, ह्याला शहाणपण म्हणावें, हौस म्हणावी, कीं पैसेवाल्याची मिजास म्हणावी, हा प्रश्न आम्हांला प्रथम वाटला त्याहून बराच खोल निघाला.

'जुनें तें सोनें' ही म्हण पुढें करून वाद मिटविणारे लोक आहेत. त्यांचें म्हणणें आम्हांला फारसें पटत नाहीं. चुलीवरच्या भाकरीची गोडी वर्णन करणाऱ्यांपैकीं स्वतः फुंकणी हातांत धरून ज्यांनीं डोळे चोळले असे किती निघतील? साठ वर्षांच्या मोटारीचा पत्रा गंजतो, रबर वाळतें, पावसाळी रात्रीं दिवे मिणमिणतात. शिवाय जुन्या काळच्या सगळ्याच मोटारी सुंदर होत्या असेंहि नाहीं. ज्या कुरूप व कुचकामी होत्या त्या केव्हांच भंगारांत गेल्या, आणि उरलेल्या निवडक पाहून आपण त्या सबंध काळाला शाबासकी देतों.

तेव्हां नवी गाडी सरस आहे, हें आधीं कबूल केलें पाहिजे. पण सरस कशासाठीं? तिच्या वेगाची परिसीमा ताशीं ३०० किलोमीटरच्या वर आहे. इंग्लंडांतील मोटरवेवर ताशीं ७० मैलांची, म्हणजे सुमारें ११२ किलोमीटरांची मर्यादा डिसेंबर १९६५ पासून आहे. म्हणजे त्या वेगाचा निम्म्याहून अधिक भाग मालकानें पैसे मोजून घ्यावयाचा आणि कधीं वापरावयाचा नाहीं. 'तिला जाग यावी एवढा वेग घेतला, कीं परवाना जाण्याची पाळी,' असें डॉक्टर म्हणत. मात्र गाडी बदलण्याचें कारण म्हणून त्यांनीं हें सांगितलें नाहीं. त्यांनीं एवढेंच सांगितलें कीं, 'तिला माझी गरज नव्हती.'

ह्या चार शब्दांवर आम्हीं पुष्कळ विचार केला. नव्या गाडींत गिअर यंत्र स्वतः बदलतें, आणि कोणत्याहि मनुष्याच्या हातापायांहून अधिक चपळाईनें बदलतें. ओल्या वळणावर गाडी घसरूं लागली, तर चालकाला तें उमगण्यापूर्वींच एकेका चाकाचा ब्रेक निरनिराळा दाबून ती सांवरली जाते. ह्या युक्तीनें कित्येकांचे प्राण वांचले असतील, हें आम्ही विसरत नाहीं. परंतु आपली चूक आपल्यापर्यंत पोंचतच नाहीं, हेंहि तितकेंच खरें. अतिदक्ष कारकून धन्याच्या चुका परस्पर निस्तरीत जातो, आणि वीस वर्षांनीं धनी पाहतो तों त्याला सही करण्यापलीकडे कांहीं येत नसतें. तसाच हा प्रकार.

गेल्या शरदांत आम्ही तिकडे गेलों असतां ह्या जुन्या गाडींतून जाण्याचा योग आला. तिची आकृति पेल्ले पेटरसन ह्या तरुण स्वीडिश आरेखकानें ट्यूरिन येथें काढली. इटालियन हाताचीच आकृति हवी असा आग्रह होता, म्हणून त्याचें नांव पुष्कळ वर्षें झांकलेलें राहिलें, हें जातां जातां. सकाळची वेळ होती व थंडी बरीच होती. चोकचा दांडा ओढून ठेवावयाचा, इंजिनाचा आवाज स्थिर होईपर्यंत थांबावयाचें, मग हळूहळू दांडा आंत सारावयाचा. ह्यांत तीन मिनिटें गेलीं. दोन कार्बुरेटरांपैकीं एकांतून दुसऱ्याहून कमी हवा जात आहे, हें डॉक्टरांनीं नुसत्या आवाजावरून ताडलें. जागच्या जागीं गाडी वळवितांना खांद्यांना श्रम पडतात; पण एकदां ती चालूं लागली कीं रस्त्याची खडबड, उतार, ओल, सारें स्टिअरिंगमधून हातांना कळतें. क्लच घाईनें सोडला तर गाडी हिसका देते. मोठ्या रस्त्याला लागल्यावर ओव्हरड्राइव्हची कळ ओढतांच इंजिनाचा सूर खालीं उतरला, आणि मग आम्ही बोलूं लागलों. कोठेंच घाई नव्हती, आणि तरी तासाभरांत डॉक्टरांचें लक्ष क्षणभरहि रस्त्यावरून ढळलें नाहीं.

गवयाला तंबोरा लावतांना ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना हें समजेल. आतां विजेवर चालणारे तंबोरे मिळतात. कळ दाबली कीं ते वाजूं लागतात आणि तासन्‌तास सूर सोडीत नाहींत. पण मिरजेचा तंबोरा जवळ घेऊन खुंट्या पिळीत, जवारीचा दोरा सरकवीत बसलेल्या गवयाचा कान त्या पाव तासांत जसा सुरांत मुरतो, तसा कळ दाबून मुरत नाहीं. तंबोरा लावणें हा गाण्याआधींचा खोळंबा नसतो, तो गाण्याचाच आरंभ असतो. चोक ओढून थांबलेल्या त्या तीन मिनिटांविषयीं डॉक्टर असेंच कांहींसें म्हणत होते.

पण त्यांना मिळालें तें नेमकें काय? ह्या गाडीचा तळाचा पत्रा दोनदां बदललेला, तारा नव्या, ब्रेकच्या नळ्या नव्या, आसनांचें चामडें नवें. कणा म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, असें नागसेनानें मिलिंद राजाला विचारलें होतें, आणि राजाला एकेकाला नाहीं म्हणावें लागलें होतें. येथेंहि तोच पेंच आहे. गाडीचें जुनेपण पत्र्यांत नाहीं, तारांतहि नाहीं. साठ वर्षें कोणीं ना कोणीं तिची निगा राखली, तिला टाकून दिलें नाहीं, एवढ्या एका गोष्टींत तें आहे.

आणि येथेंच आम्हांला ह्या व्यवहारांतलें उणें दिसलें. अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांतील लाँग आयलंड येथें आयर्व्ह गॉर्डन नांवाचे विज्ञानशिक्षक होते. त्यांनीं १९६६ मध्यें ह्याच जातीची तांबडी मोटार नवीकोरी घेतली आणि ती जन्मभर चालविली. २०१३ च्या सप्टेंबरांत तिच्या प्रवासाचा आंकडा ३० लक्ष मैलांवर, म्हणजे सुमारें ४८ लक्ष किलोमीटरांवर गेला. एकाच मालकानें खासगी मोटारीनें केलेल्या प्रवासाचा विक्रम म्हणून त्याची नोंद झाली. गॉर्डन २०१८ मध्यें वारले. त्यांनीं जुनी मोटार घेतली नव्हती. त्यांनीं नवी घेतली, आणि ते तिच्याबरोबर जुने झाले. आमच्या स्नेह्यांनीं मात्र दुसऱ्यांनीं साठ वर्षें सांभाळलेली निष्ठा पैसे देऊन आयती घेतली; आणि स्वतःची चार वर्षांची गाडी, जी आणखी अर्धशतकानें अशीच कोणाची तरी ठेव झाली असती, ती सोडून दिली. आम्हीं हें बोलून दाखवितांच ते म्हणाले, 'मैत्री उशिरा जडली म्हणून ती खोटी ठरते काय?' शिवाय, सारा कारभार संगणकावर चालणारी ती गाडी पन्नास वर्षांनीं दुरुस्त कोण करणार, असेंहि त्यांनीं विचारलें. दुसरा प्रश्न रास्त होता. पहिल्यानें आमचें पुरतें समाधान झालें नाहीं.

शेजाऱ्यांचा हिशेबहि ह्यांत धरला पाहिजे. जुन्या गाडीला धूर शुद्ध करणारें उपकरण नाहीं. अपघाताच्या वेळीं फुगून माणसाला वांचविणाऱ्या हवेच्या पिशव्या नाहींत. तीन टोकांचा सुरक्षा-पट्टा मात्र आहे. निल्स बोलिन ह्या अभियंत्यानें तो १९५९ मध्यें व्होल्व्होसाठीं सिद्ध केला, आणि कंपनीनें तो इतर सर्व कारखानदारांना वापरूं दिला. ब्रिटिश कायद्यानें मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरील, फारसा फेरबदल न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणींतून मोकळीक दिली आहे. डॉक्टर ती मोकळीक घेत नाहींत. दरवर्षीं गाडी तपासून घेतात. वर्षाकांठीं हजार-दीड हजार मैलांहून अधिक ती चालतहि नाहीं. धुराविषयीं आम्हीं त्यांना एवढ्यावर सोडून दिलें. कठोर वाचकानें सोडूं नये.

परंतु खरा आक्षेप घेतला तो त्यांच्या पत्नींनीं. जेवणानंतर आमचा हा सारा वाद त्या मुकाट्यानें ऐकत बसल्या होत्या. त्यांचे सासरे अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. ते सांगलीस राहतात. सोबतीस एक गडी आहे. कानांनीं कमी ऐकूं येतें. डॉक्टर दर रविवारीं त्यांना फोन करतात, आणि मग दुपारीं तीन तास मोटारीपाशीं असतात. बाई म्हणाल्या, 'नुसत्या आवाजावरून ह्यांना कळतं, गाडीचं कुठं दुखतंय तें. पण मामंजींनीं फोनवर तीच गोष्ट तिसऱ्यांदां सांगायला घेतली, कीं ह्यांचं लक्ष घड्याळाकडे.'

डॉक्टर कांहीं बोलले नाहींत. आम्हीं हंसून वेळ मारून नेण्याचा प्रयत्न केला, पण तो साधला नाहीं. आमच्या घरीं आजोबांच्या वेळचें लंबकाचें घड्याळ आहे. दर आठवड्यास त्याला किल्ली देण्यांत आमची कधीं हयगय झाल्याचें स्मरत नाहीं. ज्या गुरुजींनीं आम्हांला चार ओळी नीट लिहावयास शिकविलें, त्यांचें पत्र मात्र दिवाळीपासून टेबलावर पडून होतें.

आपली जिला गरज आहे अशी वस्तु जवळ असावी, ही इच्छा वाईट नव्हे. आज घरांतली बहुतेक यंत्रें आपल्यावांचून चालतात, आणि आपण त्यांच्या मध्यें पाहुण्यासारखे वावरतों. तेव्हां ही इच्छा अधिकच तीव्र होत असली पाहिजे. पण यंत्राची गरज आपल्या सवडीनें चालते. आच्छादन घातलें कीं मोटार महिनाभर गप्प बसते, आणि पुन्हा काढली कीं रुसलेली नसते. फार तर बॅटरी उतरलेली असते. म्हाताऱ्या माणसाला तसें झांकून ठेवतां येत नाहीं. त्याच्या दुखण्याला सुटे भाग मिळत नाहींत. मोटारीपाशीं तीन तास घालविले तर कांहीं तरी दुरुस्त होतें. बापापाशीं तीन तास घालवून बहुधा कांहींच दुरुस्त होत नाहीं, आणि म्हणूनच आपले पाय तिकडे वळत नाहींत. कोणी म्हणेल कीं, यंत्रापाशीं शिकलेला धीर माणसांपाशींहि उपयोगी पडेल. पडतहि असेल. ज्याला थांबणें मुळींच ठाऊक नाहीं त्याच्यापेक्षां चोक ओढून थांबणारा मनुष्य बरा, एवढें आम्ही मान्य करतों. परंतु त्या तीन मिनिटांच्या शेवटीं इंजिन हटकून सुरू होतें. तिसऱ्यांदां ऐकलेल्या गोष्टीच्या शेवटीं चौथ्यांदां तीच गोष्ट असते.

येत्या मे महिन्यांत ह्या मोटारीनें स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांत पंधरा दिवस हिंडावें, असा डॉक्टरांचा बेत होता. तो पुढें ढकलून ते सांगलीस येणार असल्याचें परवां त्यांच्या पत्रावरून कळलें. किती दिवसांसाठीं, तें पत्रांत नव्हतें.