भ्यालेले मूल आणि आपले कर्तव्य

शाळेची वेळ झाली की ज्याच्या पोटात दुखू लागते आणि रविवारी ज्यास काहीच होत नाही, अशा मुलास लबाड ठरवून आपण मोकळे होतो. हा न्याय आम्हांस मान्य नाही. शाळा चुकविणारा मुलगा घरच्यांपासून लपतो. भ्यालेले मूल घरच्यांनाच बिलगते. पनवेल झपाट्याने वाढले. २०१६ साली तेथे महानगरपालिकाही झाली. अशा शहरी बिऱ्हाड हलवून आलेल्या मुलास वर्गात एकही ओळखीचा चेहरा दिसत नसेल, तर त्याच्या भयास ढोंग कसे म्हणावे?

मग त्यास घरीच ठेवावे काय? तेही नव्हे. टाळल्याने भय आज शमते, पण उद्या अधिक बळावते. उलट, फरफटत नेल्यास देह वर्गात पोचतो, मन दाराबाहेरच राहते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरविला आहे, याचा विसर पडू नये.

१९४५ साली बोर्डीस ग्राम बालशिक्षा केंद्र काढणाऱ्या ताराबाई मोडक यांनी, मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तेथील कारण दारिद्र्याचे होते, भयाचे नव्हे. तथापि पहिले पाऊल मोठ्यांनी टाकावे, हे तत्त्व येथेही लागू पडते. आज फाटकापर्यंत, उद्या एक तास, परवा मधल्या सुटीपर्यंत. आणि फाटकाशी रोज तेच ओळखीचे शिक्षक. मुलाकडे धैर्य मागण्याचा अधिकार, एवढे केल्यावरच आपणांस पोचतो.