रिपोर्ट कुणाचा?

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या खेड्यांसाठी एक आरोग्यविमा चालवला. हप्ता ज्वारीत. सुगीनंतर प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि दुखणं ज्याच्या वाट्याला येईल त्याला त्याचा आधार. पुढच्या वर्षी अंथरुणाला कोण खिळणार हे कुणालाच ठाऊक नाही, हा त्या व्यवस्थेचा पाया.

आता काही आजारांत ते थोडं आधी कळतं. समजा, हिंगणघाटच्या एका मुलीच्या वडिलांना पंचेचाळिशीत मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. तपासणीत लिंच सिंड्रोम निघाला. म्हणजे डीएनएतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकातच जन्मजात बिघाड. अशा गाठींवर, आजार पसरला असला तरी, इम्युनोथेरपी अनेकदा चांगली लागू पडते. पण तोच बिघाड त्यांच्या प्रत्येक अपत्यात असण्याची शक्यता ५० टक्के; भावंडांतही असू शकतो. आणि काकांची मुलगी लग्नाची आहे. घरातले आवाज खाली येतात, "सध्या कुठं बोलू नको. पोरीचं लग्न जमून राहिलं."

या वाक्याला हसू नका. त्यात माया आहे आणि भीती खोटी नाही. एवढ्यावरून स्थळं मोडतात.

१८९५ मध्ये अमेरिकेत एका शिवणकाम करणाऱ्या बाईने डॉ. अल्ड्रेड वॉर्थिन यांना सांगितलं, आमच्या घरात सगळे कर्करोगाने जातात, मीही जाणार. ती तशीच गेली. तिला फक्त माहीत होतं, करण्यासारखं काही नव्हतं. आज विशी-पंचविशीपासून एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी केली, तर गाठी कर्करोग होण्याआधीच काढता येतात. म्हणून आजचं मौन तेव्हाच्या मौनासारखं निरुपद्रवी नाही.

'मला जाणून घ्यायचं नाही' असं म्हणायचा हक्क त्या बहिणीला आहेच. पण तो तिचा आहे. आपण गप्प बसलो, तर तो हक्क तिच्या वतीने आपणच वापरून टाकतो. तिला सांगायचं, एकटीला, नीट. पुढे तपासणी करायची का, सासरी कधी बोलायचं, हे तिने ठरवायचं. गावभर करणं हा पुन्हा वेगळा अन्याय.

आणि ज्याच्या घरी स्थळ येतं, त्यालाही प्रश्न आहेच: निव्वळ शक्यतेवर माणूस नाकारायचा?

कुणावर पाळी येणार हे माहीत नसताना ज्वारी देणं सोपं होतं. नाव कळल्यावरही आपण पायली मोजतो का, खरी परीक्षा तिथे आहे.