मातीतील वर्षे

वाचनभाग : मार्क ४:२६–२९, लूक २:५१–५२

वैशाख सरत येतो, आभाळ भरू लागते, परंतु पाऊस पडत नाही, अशा दिवसांत रानाच्या कडेने चालणाऱ्यास झाडांतून एक आवाज ऐकू येतो. तो एका फांदीवरून येतो असे वाटतच नाही. सगळे झाडच किर्र करीत आहे असे भासते. जवळ जावे तो तो एकाएकी बंद पडतो, आणि आपण चार पावले पुढे गेलो की पुन्हा सुरू होतो. आपले लोक ह्या किड्यास रातकिडा म्हणून मोकळे होतात. परंतु रातकिडा निराळा. तो नाकतोड्याच्या कुळातला असून पंखावर पंख घासून बहुधा रात्री वाजतो. आम्ही ज्याविषयी बोलत आहो तो भर दिवसाही गातो, आणि पिकांवरील तुडतुडे व खाटेतला ढेकूण ह्यांचा तो भाऊबंद होय. शास्त्रज्ञ त्यास सिकाडा म्हणतात. आम्हीही येथे तेच नाव घेतो.

पवित्र शास्त्रात मुंगीचे नाव आहे, टोळाचे आहे, मधमाशीचे आहे; ह्या किड्याचे मात्र उघडपणे कोठे आढळत नाही. तरी आपल्या प्रभूने पाखरे व रानफुले ह्यांकडे बोट दाखवून शिकविले, आणि ज्या हाताने ती घडविली त्याच हाताने हाही घडविला. म्हणून ह्याच्याकडे पाहण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

त्याचे आयुष्य असे आहे. मादी कोवळ्या डहाळीस चीर पाडून तीत अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू तिळाहून फारसे मोठे नसते. ते जमिनीवर पडते आणि माती उकरून आत जाते. त्याचे पुढचे पाय कुदळीसारखे बळकट असतात. आत गेल्यावर ते झाडाच्या मुळीस आपली सोंड लावते आणि रस ओढू लागते. बहुतेक जातींत दोन ते पाच वर्षे ते असे अंधारात काढते व वाढत वाढत वेळोवेळी कात टाकते. मग एके संध्याकाळी ते बाहेर येते, खोडावर चढते आणि घट्ट धरून राहते. पाठीवर कवच उभे फाटते आणि फिकट, मऊ, चुरगळलेल्या पंखांचा जीव त्यातून निघतो. काही तासांत पंख ताठ होतात, अंगास रंग येतो. ह्यानंतर त्यास काही आठवडेच जगावयाचे असते. गातो तो केवळ नर. त्याच्या पोटाच्या बुडाशी दोन्ही बाजूंस ताणलेले पडदे असतात, ते स्नायूंनी आत ओढून सोडले की आवाज होतो, आणि पोकळ पोट त्यास मृदंगासारखे घुमविते. झाडावर उरलेले रिकामे कवच पाहून, ओरडता ओरडता त्याचे पोट फुटले, असे समजणारे लोकही आम्हांस भेटले आहेत. तसे नाही. कवच गाण्यापूर्वीचे आहे, नंतरचे नव्हे.

कित्येक उपदेशक बंधू हे कवच हातात घेऊन पुनरुत्थानावर बोलतात. त्यांच्या भावनेस आमचा विरोध नाही. परंतु दाखला नीट बसत नाही असे आम्हांस वाटते. मातीत असताना तो जीव मेलेला नसतो. आपला प्रभु खरोखर मेला आणि देवाने त्यास उठविले; ते किड्याच्या स्वभावात असलेले काम नव्हे. सिकाडापासून शिकावयाचे ते दुसरेच आहे. जे दिसत नाही ते मेले आहे असे ठरविण्याची आपणांस फार घाई असते, ह्याविषयी तो आपणांस शिकवितो.

हे आम्ही आताच का लिहितो? कारण ह्या वर्षी दोन प्रश्न आमच्यापुढे आले आहेत. पहिला असा : एका वाडीवर आमचे एक उपदेशक बंधू नऊ वर्षे काम करीत आहेत. वार्षिक अहवालात त्यांच्या नावापुढे बाप्तिस्म्याच्या रकान्यात नऊही वर्षे शून्य आहे. पंचांपैकी काही जणांचे म्हणणे आहे की मंडळीचा पैसा गरिबांच्या धान्यातून येतो, तो तेथे का घालवावा. हे ठिकाण बंद करावे. दुसरा प्रश्न आईबापांचा आहे. घाटावरील आमच्या खेड्यांतून गेलेली पुष्कळ मुले-मुली मुंबईच्या उत्तरेस मीरा-भाईंदर येथे सिल्व्हर पार्क म्हणून भाग आहे, तेथे व त्याच्या आसपास भाड्याच्या खोल्यांत राहतात. कोणी परिचारिका आहे, कोणी दुकानात उभा राहतो, कोणी दिवसभर दुचाकीवर पार्सले पोहोचवितो. उपासनेस येत नाहीत, पत्राला उत्तर नाही, फोनवर प्रार्थनेचा विषय काढला की बोलणे आटोपते घेतात. एक वृद्ध माता आम्हांस म्हणाली, “पाळकसाहेब, माझ्या लेकाचा विश्वास मेला. मी आता रडायचं तरी किती?”

बंधूंनो, मार्काच्या चौथ्या अध्यायातील दाखला पुन्हा उघडून वाचा. बी टाकणारा मनुष्य रात्री निजतो, दिवसा उठतो. बी रुजते व वाढते, ते कसे हे त्यास कळत नाही. प्रभूने त्या शेतकऱ्यास ह्या अज्ञानाबद्दल दोष लाविला नाही. त्याने रोज माती उकरून बी पाहिले असते तर मात्र पीक हाती लागले नसते. आणि प्रभूचे स्वतःचे आयुष्य पाहा. सेवेस आरंभ केला तेव्हा त्याचे वय सुमारे तीस वर्षांचे होते, असे लूक सांगतो. आणि ती सेवा सुमारे तीन वर्षे चालली. बारा वर्षांच्या वयात मंदिरात घडलेली एक गोष्ट सोडली तर बाळपणापासूनची ती सारी वर्षे नासरेथात गेली, आणि त्यांविषयी शास्त्रात एवढेच आहे की तो आईबापांच्या आज्ञेत राहिला व वाढत गेला. नासरेथच्या त्या वर्षांचा वार्षिक अहवाल कोणी लिहिला असता तर त्यात काय आले असते?

आपल्याच देशाचा इतिहासही हेच दाखवितो. गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस आले. तेरा वर्षे त्यांनी मराठीत उपदेश केला, शाळा काढिल्या, भाषांतर केले. आणि १८२६ साली नाशिककडील फेरीवर असता वाटेत पटकीने वारले. भरलेल्या मंडळ्या त्यांनी पाहिल्या नाहीत. परंतु त्याच १८२६ साली मराठी नवा करार मुंबईत छापून पुरा झाला. अहमदनगरचे ठाणे पुढे १८३१ साली सुरू झाले, आणि खेडोपाडी मंडळ्या उभ्या राहिल्या त्या त्याहून कितीतरी उशिरा. ज्या मुळीस आज आपली सोंड लागलेली आहे ती कोणी लाविली, ह्याचा विचार पंचांनी करावा.

येथे कोणी म्हणेल की हे आळशास चांगले निमित्त झाले. काम न करावे आणि मातीत आहो असे म्हणावे. नाही. मातीतले पिल्लू निजलेले नसते. मुळांतून वर चढणारा जो रस ते पिते तो जवळजवळ पाणीच असतो. त्यात पोषण नाममात्र. म्हणून ते इतके सावकाश वाढते, आणि म्हणूनच त्यास सतत प्यावे लागते. ह्यास्तव शून्य पाहून ठिकाण बंद करू नये, तसेच शून्य पाहून समाधानीही राहू नये. विचारावे ते हे : त्या वाडीत कोणी वचन वाचतो का? उपदेशक आजारी पडला तर संध्याकाळची प्रार्थना होते का? कोणी बाई आपल्या नातवास प्रभूची प्रार्थना शिकविते का? आम्ही स्वतः त्या वाडीवर दोन दिवस राहून आलो. तीन घरांत रोज एक अध्याय वाचला जातो, आणि त्यांपैकी एका घरात वाचणारी मुलगी अकरा वर्षांची आहे, कारण त्या घरात दुसऱ्या कोणास वाचता येत नाही. हे कोणत्याही रकान्यात बसत नाही. एक अध्याय हा पातळ रस आहे खरा. पण सोंड मुळीस लागलेली आहे. जेथे हे काहीच नाही तेथे ठिकाण हलविणे हेच शहाणपण असू शकेल, आणि ते करण्यास आम्ही भिऊ नये.

उलट, रकाना भरण्यासाठी घाई करणे हे तर अधिकच वाईट. अमेरिकेत काही जातींचे सिकाडा तेरा वर्षांनी व काही सतरा वर्षांनी असंख्य संख्येने बाहेर येतात. २०२४ साली तेरा वर्षांचा एक थवा व सतरा वर्षांचा एक थवा एकाच हंगामात निघाले. त्या दोघांची अशी गाठ पूर्वी १८०३ साली पडली होती. सतरा वर्षांचे जे निघाले ते २००७ साली मातीत गेलेले होते. आपल्या देशातही मेघालयात री-भोई जिल्ह्यात एक जात दर चौथ्या वर्षी निघते. २०१४, २०१८, २०२२ ह्या साली ती निघाली, आणि तेथील लोक ते वर्ष मोजून वाट पाहतात. आता अमेरिकेतील काही थोडे किडे आपल्या थव्याच्या आधीच, कधी चार वर्षे आधी, वर येतात. त्यांची संख्या थोडी असते, म्हणून पाखरे त्यांस बहुधा वेचून खातात. ज्यांस आम्ही अहवालासाठी घाईने पाण्यात उतरविले, आणि जे पहिल्याच छळात किंवा पहिल्याच लग्नकार्यात परत गेले, त्यांची आठवण आम्हांस येथे होते. अशांस दोष देण्यापूर्वी त्यांस अवेळी कोणी वर काढिले हे विचारावे.

आता सिल्व्हर पार्कची गोष्ट. फाब्र नावाचे एक फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ होऊन गेले (१८२३–१९१५). त्यांच्या दारातील झाडांवर सिकाडा गात असत. ह्या किड्यांस ऐकू येते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी गावात सणावारी उडवितात त्या उखळी तोफा आणून झाडाखाली उडविल्या. किडे क्षणभरही थांबले नाहीत. फाब्र ह्यांनी अनुमान काढिले की ते बहिरे असावेत. पुढील शोधांनी ते अनुमान खोटे ठरविले. सिकाडास कान आहेत, ते पोटाजवळ आहेत. आणि मादी आपल्याच जातीच्या नराचा आवाज ओळखून त्याकडे जाते. तोफेस उत्तर न देणारा बहिरा असतोच असे नाही.

आईबापांनो, आम्ही हे पुष्कळ वेळा पाहिले आहे. मुलाने फोन उचलला की आपण तोफ उडवितो : मंडळीत का जात नाहीस, पगारातला दशांश कोठे गेला, अमक्याचा मुलगा बघ. तो गप्प राहतो, आणि तो बहिरा झाला असे आपण ठरवितो. सिल्व्हर पार्कच्या खोल्यांत आम्ही ह्या मुलांबरोबर बसलो आहो. आज्ञा करणाऱ्या आवाजास ते उत्तर देत नाहीत हे खरे. परंतु एकाने, जो दोन वर्षे उपासनेस गेलेला नव्हता, जेवणापूर्वी नकळत डोके लवविले, आणि मग लाजून आमच्याकडे पाहिले. त्या वृद्ध मातेस आम्ही हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “त्याचे वडील असंच करायचे.” त्या घरचा आवाज त्याच्या कानांत आहे. तोच त्यास ऐकवावा : गावात पाऊस पडला का, गाय व्याली का, आज घरी कोणते गीत म्हटले.

मात्र एक भीती खरी आहे. सिल्व्हर पार्कहून मीरा-भाईंदरच्या रस्त्याने पूर्वेकडे काशीमिऱ्यापर्यंत जावे आणि महामार्ग ओलांडावा, म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या लागतात. सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे ते रान आहे, आणि पावसाच्या तोंडाशी तेथील झाडांतून हा आवाज येतो. इकडे वस्तीत मात्र, माथ्यावर मेट्रोचा पूल, दोन्ही अंगांस इमारती, आणि जे थोडे झाड आहे त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसविलेले. मुळी तोडिली तर मातीतल्या पिल्लाचा रस तुटतो. आणि वरून माती बंद केली तर त्याची वेळ आली तरी त्यास वाट राहत नाही. त्यास कोणी मारिले नाही. केवळ फरशी केली.

आपल्या मुलांच्या बाबतीत ही फरशी कोणती ते आम्ही पाहून आलो. रविवारी सुटी नाही. खोलीत सहा जण, त्यांत प्रार्थना करणारा एकटा. शहरातील एका मंडळीत गेलेल्या मुलीस, तू कोणत्या गावची व कोणाची, असे अशा रीतीने विचारले गेले की ती पुन्हा गेली नाही. ह्यात विश्वास मेला असे आम्ही म्हणत नाही. वर येण्यास बोटभर उघडी माती नाही असे म्हणतो. ती ठेवणे हे आमच्या हाती आहे. आमच्यातील एका कुटुंबाने सिल्व्हर पार्कजवळील आपली खोली बुधवारी रात्री साडेनवानंतर उघडी ठेवण्याचे कबूल केले आहे, कारण पाळीवरून सुटणाऱ्यांस त्याआधी येणे होत नाही. तेथे उपदेश होणार नाही. भाकरी-भाजी असेल, एक अध्याय वाचला जाईल, आणि ज्यास बसावयाचे तो बसेल. ज्यांची मुले त्या भागात आहेत त्यांनी मुलास आधी विचारून, त्याची संमती असेल तरच, त्याचे नाव आपल्या उपदेशकाकडे द्यावे.

वाडीच्या ठिकाणाचा निर्णय पंच आषाढातील बैठकीत घेणार आहेत. तोपर्यंत त्यांपैकी प्रत्येकाने एक रात्र त्या वाडीवर काढावी, आणि त्या अकरा वर्षांच्या मुलीचे वाचन ऐकून यावे, अशी आमची विनंती आहे. सध्या तिचे मार्काचे शुभवर्तमान चालू आहे.