मिटावे, पण उमलावे

संतसज्जनहो, परमात्म्याने जीवाला जन्माला घातले, तेव्हाच रक्षणाची शिदोरीही त्याच्याबरोबर बांधून दिली. बाभळीला व साळिंदराला काटे, रुईला चीक, कासवाला ढालीसारखी पाठ. या ढालीचे मर्म काय, ते आज आम्ही पाहू.

लाजाळूचे झाड घ्या. मूळचे अमेरिकेकडचे, आता आपल्याही बांधावर रुजले आहे. बोट लागताच देठाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यात एका अंगाचे पाणी निघून जाते आणि पान मिटते. काही मिनिटे गेली की पुन्हा उघडते. का बरे उघडते? मिटलेल्या पानाला ऊन कमी मिळते, आणि उन्हावाचून त्याचे अन्न शिजत नाही. सदाचेच मिटून बसले, तर गाईच्या तोंडून वाचेल, पण उपाशी मरेल!

कासवाचेही तसेच. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाचा दृष्टांत आहे. भगवंतांनी अंग आवरणे सांगितले. माउलींनी ज्ञानेश्वरीत अवयव पसरणेही सांगितले. आवरणे आणि पसरणे दोन्ही त्याच्या स्वाधीन, हे मर्म. ज्याची ढाल त्याच्या स्वाधीन नाही, तो त्या ढालीचाच कैदी.

कोणी म्हणेल, "बुवा, उघडे राहिले तर जग खाऊन टाकील!" खरे आहे. पण रानातली चितळे पाहावीत. कळप चरतो तेव्हा कोणाची ना कोणाची मान वर असते. झाडावरचे वानर वाघ दिसताच ओरडते आणि खाली चितळे सावध होतात. पहारा वाटून घेतला, म्हणून प्रत्येकाला चार घास मिळतात. भित्र्या जीवाला उघडे राहण्याचे बळ संगतीने येते. आमची दिंडी ती हीच संगत!

अपमानाचा घाव बसला की मन मिटते. त्यात दोष नाही. पण शेताच्या बांधावरून भावाशी बोलणे तुटले, ते दहा वर्षे तसेच! वारीत परक्याला "माउली" म्हणून पायां पडावे, आणि सख्ख्या भावाचे दार आले की मान फिरवावी, ही कसली वारी?

म्हणून आमची विनंती एवढीच. येत्या आषाढीला निघण्यापूर्वी त्या दाराशी जावे. एकट्याने धीर होत नसेल, तर दिंडीतले चार वारकरी सोबत न्यावेत. त्याने दार उघडले तर आनंद. न उघडले तरी आपले पान उमलले. उमललेल्या पानावरच ऊन पडते. रामकृष्णहरि!