आपलं बालपण, आमचं बालपण

मागच्या उन्हाळ्यात एका हिंदी पुस्तकाचा मराठी अनुवाद माझ्याकडे आला. पुस्तक म्हणजे खरं तर चित्रांचा संच होता. जुन्या धर्तीवर नव्याने काढलेली चित्रं आणि शेवटच्या काही पानांवर कापून काढायच्या कागदी बाहुल्या. कागदाचा पिवळेपणा मुद्दाम आणलेला, रंग जुन्या छपाईसारखे थोडे सरकलेले. रिबिनीच्या दोन वेण्या घातलेली मुलगी, पत्र्याची ट्रंक, खिडकीतला रेडिओ, बादलीतल्या पाण्यात टाकलेले आंबे. मजकूर जेमतेम दोन पानांचा. तीन दिवसांत होईल म्हणून मी काम घेतलं आणि पहिल्याच वाक्यावर तीन आठवडे अडकले. वाक्य साधं होतं: असं होतं ‘हमारा बचपन’.

हिंदीला ‘हम’ एवढा एकच शब्द पुरतो. इंग्रजीचं आणि रशियनचंही तसंच. मराठीत मात्र दोन दारं आहेत. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. ‘आम्ही जेवायला बसतोय’ आणि ‘आपण जेवायला बसू या’ यांतला फरक चार वर्षांच्या मुलालाही कळतो. आमच्या शेजारच्या तेलुगू काकूंच्या भाषेतही ‘मेमु’ आणि ‘मनम्’ अशी हीच वाटणी आहे, तमिळमध्येही आहे. म्हणजे मूळ लेखकाला जो प्रश्न पडलाच नाही, तो मराठीने मला विचारला. हे बालपण आपलं म्हणू की आमचं? चित्रातली मुलगी कोणाकोणाची?

मी भिलाईत वाढले आणि आता इथेच वैशाली नगरमध्ये राहते. सोव्हिएत मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली भट्टी 1959 साली पेटली आणि त्या कारखान्याभोवती देशभरातून माणसं येऊन गाव झालं. आमचे बाबा त्यातलेच एक. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये माझं लहानपण गेलं. निवृत्त झाल्यावर पुष्कळांनी बांधली तशी त्यांनी वैशाली नगरात दोन खोल्या पुढे, दोन मागे अशी जागा बांधली. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता, छत्तीसगड 2000 साली झालं. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत पाच-सहा भाषा.

दुकानातल्या बाहुल्या आम्हाला कोणी आणून देत नसे. आम्ही त्या कागदाच्या करायचो. शर्टच्या खोक्यातला पुठ्ठा जपून ठेवायचा. त्यावर एक मुलगी काढायची, पेटीकोटमधली, हात अंगापासून जरा दूर, म्हणजे कपडे घालता येतील. मग लग्नपत्रिका, जुनी कॅलेंडरं, साडीच्या दुकानाच्या जाहिराती यांतून फ्रॉक, परकर, साड्या कापायच्या. प्रत्येक कपड्याला खांद्यावर आणि कमरेशी छोटे कान ठेवायचे आणि ते मागे दुमडायचे. कान कापताना तुटला तर भाताचं शीत लावून कागदाची पट्टी जोडायची. मला अजून आठवतं की एका गुलाबी फ्रॉकच्या पाठीवर कोणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त छापलेला होता.

‘आम्ही’ म्हणजे दोघी. मी आणि आमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींची मुलगी. तिचं नाव इथे लिहीत नाही. ते छापायचं की नाही हे तिने ठरवायचं. ती माझ्याहून वर्षभराने मोठी होती आणि तिचा हात माझ्याहून चांगला होता. चेहरे मी काढायची, कापायचं सगळं ती. कात्री आमची, आणि कापून झाल्यावर बाहुल्याही आमच्याच घरी राहायच्या, माझ्या वहीत. या व्यवस्थेत काही चुकतंय असं आम्हा दोघींपैकी कोणीच कधी म्हटलं नाही.

श्रावणात नागपूरहून आत्या पोस्टाने जिवतीचा कागद पाठवायची. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांनी वेढलेल्या जिवत्या, खाली हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. तो भिंतीवर चिकटवून आई दर शुक्रवारी आघाड्याची माळ घालायची आणि पुरणाच्या दिव्यांनी मला आणि दादाला ओवाळायची. परगावी असलेल्या मुलांसाठी चारी दिशांना अक्षता टाकायची रीत आहे. आई आत्याच्या मुलांसाठी तशा टाकायची. अशाच एका शुक्रवारी ती मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आम्हाला ओवाळून झाल्यावर आईने तिच्या ओंजळीत चणे आणि गूळ घातला. आई वाईट नव्हती, तिने प्रेमानेच दिला. पण ओवाळलं दोघांना आणि दारात तिसरं मूल उभं होतं. नागपूरच्या मुलांपर्यंत जाणारी अक्षता चार फुटांवरच्या दारापर्यंत गेली नाही.

हे मला पुस्तकातली चित्रं पाहताना आठवलं आणि त्याच वेळी ती चित्रं मला मनापासून आवडतही होती. म्हणून हा प्रश्न मला झटकून टाकता येईना. चित्रं खोटी आहेत असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं, पण ते बरोबर नव्हतं.

जुन्या बालपणाच्या चित्रांत खरेपणा शोधायला गेलं तर फार कुठे सापडणार नाही. केट ग्रीनवे या इंग्रज चित्रकर्तीचं ‘अंडर द विंडो’ हे पुस्तक 1879 सालचं. आज जुन्या बालचित्रांची आठवण काढणाऱ्यांना तिच्या टोप्या आणि झालरी लगेच डोळ्यांसमोर येतात. पण तिच्या चित्रांतल्या मुलांचे कपडे तिच्या काळातले नव्हतेच. ते शतकाच्या सुरुवातीचे, म्हणजे तिच्या आज्यांच्या लहानपणचे. 1879 च्या वाचकांनाही ती चित्रं जुनीच वाटली होती आणि म्हणूनच आवडली होती. पुढे लंडनच्या लिबर्टी दुकानाने त्या चित्रांवरून खऱ्या मुलांचे कपडे शिवून विकले. चित्र मुलासारखं व्हायचं, त्याऐवजी मूल चित्रासारखं झालं. आणि याच इंग्लंडमध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळा सक्तीची झाली ती 1880 साली, पुस्तकानंतर एका वर्षाने. तोवर कितीतरी मुलं कामाला जात होती. त्यांच्यासाठी कोणी झालरीची टोपी काढली नाही.

कागदी बाहुलीचा इतिहासही असाच बोलका आहे. लंडनच्या एस. अँड जे. फुलर यांनी 1810 मध्ये ‘द हिस्टरी ऑफ लिटल फॅनी’ काढलं. छापून विकलेल्या कागदी बाहुल्यांत हे अगदी सुरुवातीचं. गोष्ट पद्यात, सोबत कापलेल्या आकृत्या आणि एक सुटं डोकं. ते डोकं एकेका पोशाखात खोचत गोष्ट पुढे न्यायची. फॅनी गर्विष्ठ आहे, आईचं ऐकत नाही, तिचे कपडे चोरीला जातात, ती रस्त्यावर येते, लोकांची कामं करते आणि शहाणी झाल्यावर पुन्हा चांगल्या घरात येते. म्हणजे त्या बाहुलीच्या पोशाखांत एक पोशाख गरिबीचाही होता. पुढच्या काळातल्या नटव्या बाहुल्यांत तसा क्वचितच दिसतो. पण फॅनीची गरिबी ही शिक्षा होती, आणि शिक्षा संपली की डोकं काढून दुसऱ्या अंगरख्यात खोचता येत होतं. आमच्या दारात उभ्या असलेल्या मुलीच्या अंगावर माझाच मागच्या वर्षीचा फ्रॉक असायचा. त्याला कागदाचे कान नव्हते.

मग अशा चित्रांचा मोह वाटण्यात दोष आहे का? याचं उत्तर मला एका वेगळ्याच पुस्तकाने दिलं. भिलाईत आमच्या लहानपणी सोव्हिएत मुलांची पुस्तकं हिंदीत मिळायची, स्वस्त आणि जाड कागदाची. गायदारचं ‘चुक और गेक’ माझ्याकडे होतं. दोन भाऊ आईबरोबर रेल्वेने दूर तैगात वडिलांना भेटायला जातात. बर्फ, फर असलेल्या टोप्या, लाकडी घर. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन आणि मी फरशीवर पालथी पडून तो बर्फ बघत असे. त्यातलं काहीही माझं नव्हतं आणि ते माझं आहे असं पुस्तकाने एकदाही म्हटलं नाही. तरी त्याची ओढ आजही कमी झालेली नाही. म्हणजे चित्र आवडायला ते आपलं असावं लागत नाही. परक्याचं बालपणही माणसाला तितकंच लळा लावतं. मोह निर्दोष असतो. अडचण चित्राखाली लिहिलेल्या सर्वनामात असते.

‘आपलं’ हा फार उदार शब्द आहे असं आपण मानतो. सभेत, लग्नात, मोर्चात तो माणसं जोडतो. पण ज्याला विचारलेलंच नाही त्यालाही तो आत ओढतो, आणि तो आधीच आत आहे असं गृहीत धरल्यावर तो बाहेर का उभा होता हे विचारायची गरज उरत नाही. ‘आमचं’ हा शब्द कोता वाटतो खरा. पण तो निदान कबूल करतो की इथे एक भिंत आहे आणि तिच्या पलीकडे कोणीतरी आहे. माझं मत हळूहळू ‘आमचं’ कडे झुकत गेलं.

तरी एका माणसाला विचारायचं राहिलं होतं. ती आता सुपेल्याच्या बाजपेठेत ब्लाउज शिवते. दोन मशिनी आहेत, हाताखाली एक मुलगी आहे. वैशाली नगरपासून फार लांब नाही, मी तिच्याकडेच कपडे टाकते. ती मला अजून ‘दीदी’ म्हणते, वयाने मोठी असूनही. मी पुस्तकाची पानं घेऊन गेले. हिंदीत बोलणं चाललं होतं, त्यामुळे माझा प्रश्न तिला समजावूनही सांगता येईना. तिच्या भाषेत तो प्रश्नच नव्हता. शेवटी मी सरळ विचारलं, हे बालपण तुझं होतं का?

तिने पानं उलटली. आंब्यांची बादली बघून हसली. बाहुल्यांच्या पानावर थांबली आणि म्हणाली, कान फार बारीक ठेवलेत, दोनदा घातल्यावर तुटतील. मग म्हणाली, आपल्या बाहुल्यांचं मला एकच कोडं होतं. तू पुठ्ठ्यावरच बूट काढायचीस. कपडे सगळे निघायचे, बूट कधी निघायचे नाहीत. मला वाटायचं, ही झोपताना काय करते?

मी तीस-पस्तीस वर्षांत त्या बुटांचा विचार केला नव्हता. माझ्या दृष्टीने बूट शरीराचाच भाग होते, पेटीकोटसारखे, म्हणून ते मी मुलीसकट काढून टाकायची. ती अनवाणी यायची, तिला ते दिसले. एकाच पुठ्ठ्यावर वाकून आम्ही दोघी दोन वेगळ्या बाहुल्या बघत होतो.

आणि तरीही तिने सहज ‘अपनी गुड़िया’ म्हटलं होतं. हे मला परत येताना रिक्षात लक्षात आलं. जो शब्द तिच्या वतीने वापरायला मी घाबरत होते तो तिने स्वतः वापरला होता. माझी पंचाईत वाढलीच. तिला बाहेर ठेवणारं ‘आमचं’ लिहून मी प्रामाणिक ठरत होते की दुसऱ्यांदा तिला दारात उभी करत होते? यावर मी पुष्कळ विचार केला आणि एवढंच ठरवू शकले: ‘आपलं’ म्हणायचा हक्क दाराबाहेर उभ्या असलेल्याचा आधी. तो म्हणाला तर तो मोठेपणा, आतल्याने परस्पर म्हटलं तर तो हिशेब मिटवणं. एकच शब्द, पण कोण उच्चारतो त्यावर त्याची किंमत ठरते. व्याकरणाच्या पुस्तकात हे सापडणार नाही.

मी ‘असं होतं आमचं बालपण’ असं लिहून पाठवलं. संपादकांचा फोन आला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: पहिल्याच ओळीत वाचकाच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं, हे पुस्तक आजीने नातीला द्यायचं आहे. मी दुसरा पर्याय दिला, ‘असं बालपण काही जणांना मिळालं’. त्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, हे खरं आहे, पण हे कोण विकत घेईल? पुस्तक ‘आपलं’ घेऊनच छापलं गेलं. अनुवादक म्हणून आत माझं नाव आहे. मी ते काढायला सांगितलं नाही, आणि ही कबुली दिल्याशिवाय वरचं सगळं लिहिण्याला फारसा अर्थ नाही. शब्दाचा एवढा काथ्याकूट करून शेवटी मीही मानधन घेतलं.

एक प्रत तिच्या दुकानात नेऊन दिली. पुढच्या वेळी ब्लाउज आणायला गेले तेव्हा तिच्या नातीने बाहुल्या कापून काढल्या होत्या आणि तिने प्रत्येक कपड्याच्या कानाला मागून अस्तराचा कॅनव्हास चिकटवून दिला होता. बाहुलीच्या पायांवर मात्र कागदाची चिठ्ठी डकवलेली होती आणि तिच्यावर पेन्सिलीने पाच-पाच बोटं काढली होती. बूट आता वेगळे कापलेले, मशिनीच्या खणात, बटणांच्या डबीत ठेवले होते.

दुसरी आवृत्ती निघाली तर त्या पहिल्या ओळीबद्दल मी पुन्हा पत्र लिहिणार आहे.